मेंढरांच्या कॅसेटी

माझ्या मायचा खुबा मोडला तेव्हा आम्हाला पुंडलिकनगरात राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दोन खोल्या, वर पत्रे आणि चहूकडं अर्धवट बांधलेल्या घरांच्या सळया. आमचे हे वाळूजला एका कारखान्यात लेथवर होते आणि मी शाळेत शिकवत होते. मला भाऊ नाही. त्यामुळं माय आली ती माझ्याकडंच, आणि आल्या दिवसापासून तिला त्याची लाज वाटत होती. लेकीच्या घरी चार दिवस पाहुणं म्हणून राहावं, खाट अडवून बसू नये, हे तिचं म्हणणं. मी चिडून म्हणायचे, "मंग काय मेंढरात पडून राहतीस का?" त्यावर ती शांतपणे म्हणायची, "व्हय."

ती काही थट्टा करत नव्हती. आमचं घर धनगराचं. दसरा झाला की माझे आई-बाप मेंढरं घेऊन गावातून निघत ते मिरगाच्या आधी परत येत. मधले सात-आठ महिने आज या रानात, उद्या त्या रानात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायचे आणि बदल्यात ज्वारी-बाजरी द्यायचे. पोलीस ॲक्शनच्या साली माय रांगत होती असं तिची आई सांगायची, तिच्या वयाची नोंद तेवढीच. लग्न झाल्यापासून तिनं एकही फेरी चुकवली नव्हती. माझा जन्मसुद्धा वाटेतलाच. मला शिकायला मामाकडं ठेवलं म्हणून मी खडू धरला, नाहीतर मीही घोड्यामागं चालत राहिले असते. त्या वर्षी निघताना घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती, घोडं बिथरलं आणि माय दगडावर आपटली. डॉक्टरांनी पाय बांधला, तीन-चार महिने हलायचं नाही म्हणून सांगितलं. बापानं तिला भाड्याच्या जीपमधून माझ्या दारात उतरवलं, घोटभर चहा घेतला आणि त्याच जीपनं परत गेला. मेंढरांपाशी माझा चुलतभाऊ एकटाच होता.

दुखतंय असं माय कधी म्हणाली नाही. तिची तक्रार होती ती आवाजांची. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दुपारी शेजारच्या बांधकामावर फरशी कापायची, संध्याकाळी रिक्षा. "ह्या गावात काय ऐकावं तेच कळंना गं," ती म्हणायची. आधी मला वाटलं, तिला गोंगाट सोसत नाही. मग एकदा दुपारी वीज गेली, सगळं गप्प झालं, तर ती आणखीच कासावीस झाली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पस्तीस वर्षं तिनं मेंढरांच्या आवाजावरच दिवस ढकलला होता. कुणाला ताप आहे, कोण उपाशी आहे, कोण चुकलंय, हे तिला न बघता कळायचं. आता तिला काहीच कळत नव्हतं. ती जेवायची, पण अर्ध्या भाकरीवर हात धुवायची. हाड भरून यायचं तर पोटभर खाल्लं पाहिजे, असं डॉक्टर दर खेपेला सांगायचे.

टेप घेऊन जायची कल्पना आमच्या ह्यांची. आमच्या घरात तेव्हा सगळ्यात किमती चीज म्हणजे त्यांचा टेपरेकॉर्डर. पहिल्या बोनसमध्ये औरंगपुऱ्यातली झाडून सगळी दुकानं पालथी घालून त्यांनी तो घेतला होता. त्यावर क्रोशाचा रुमाल असायचा, आणि दर रविवारी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून ते त्याचं हेड पुसायचे. माझ्या वाढदिवसाची त्यांना आठवण राहायची नाही, पण हेड पुसायची राहायची. असा माणूस आपण होऊन म्हणाला, "तुझ्या बाबांचा आवाज भरून आण ह्यात. सासूबाईंना बरं वाटेल." तो टेप मी धुळीत घेऊन जाणार, हे ठाऊक असूनही म्हणाला. मी त्यांना पुष्कळ बोलते, पण ही एक गोष्ट मी विसरलेली नाही.

कार्तिकातल्या एका रविवारी मी पिशवीत टेप आणि चार सेल घेऊन पैठण रस्त्याच्या एसटीत बसले. मेंढरं बिडकीनच्या पुढं होती. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याकडं बाप निरोप ठेवायचा, की पुढच्या आठवड्यात अमक्याच्या रानात आहोत. बापाला मी सांगितलं, मायशी बोला. त्यानं फेटा नीट केला, फोटो काढायला बसतात तसा मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मी बरा हाय. मेंढरं बरी हायत. तू बरी आस." मग माझ्याकडं बघून मान हलवली, संपलं म्हणून. मी म्हटलं, आणखी काहीतरी बोला की. "अजून काय बोलायचं? ती काय परकी हाय का?" पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला तिच्याशी बोलायला सबंध वाक्य लागलंच नव्हतं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला मेंढ्या चरून परत आल्या. दिवसभर कोंडून ठेवलेली कोकरं त्यांच्याकडं धावली, आणि जी तारांबळ उडाली तीही मी कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर भरून घेतली. घरी येऊन पहिली बाजू लावली. मायनं बापाचं बोलणं ऐकलं आणि तिचं तोंड उतरलं.

"ह्यो कोन बोलतोय?"

"कोण म्हणजे? बाबा."

"तलाठ्यावानी बोलतोय. बंद कर त्ये."

मी बटणाला हात लावला, एवढ्यात ती खाटेवर अर्धी उठली. "थांब. मागं घे. पुन्यांदा लाव." बापाच्या बोलण्यामागं कुठंतरी एक मेंढी खोकली होती. मला ऐकूही आली नव्हती. मायनं तीनदा मागं घ्यायला लावलं. मग म्हणाली, "काळ्या तोंडाची हाय ती. ओलं गवत खातीया. सांग त्येन्ला, सकाळचं दव वाळल्याबिगर सोडू नका." त्या दिवशी तिनं दीड भाकरी खाल्ली. दुसरी बाजू वाऱ्यानं खरखरत होती, म्हणून मी ती मायला लावून दाखवलीच नाही.

निरोप पोचवला तेव्हा बाप हसला नाही. खरोखरच काळ्या तोंडाची मेंढी खोकत होती. त्यानं टेप माझ्या हातातून घेतला, कुठलं बटण दाबायचं ते विचारून घेतलं, आणि त्या रविवारपासून कॅसेट तो स्वतः भरायला लागला. बोलायचा नाही. नुसता टेप छातीशी धरून हिंडायचा. मेंढरं धसकटातून चालताना, घोडं कडबा खाताना, चुलीवर कालवण रटरटताना. एकदा कालव्यात टेप बुडता बुडता वाचला. ते मी आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि माय ते सगळं वाचायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. "पाणी खालून वाहतंय. कालव्याला लागलेत." "ज्वारी काढलेलं रान हाय. धसकटं लई ताठ हायत, मेंढरांचे पाय बघा म्हनावं." एकदा ऐकता ऐकता म्हणाली, "कुत्रं एकलंच भुंकतंय. दुसरं कुठं गेलं?" मी म्हटलं, झोपलं असेल. पुढच्या रविवारी बापाला विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "लांडग्यानं फाडलं. तिला सांगू नको म्हनत होतो मी." नकाशावर मी मुलांना गोदावरी दाखवायचे, पैठण दाखवायचे. माय त्या खाटेवर पडून त्या मुलखातली वाट न वाट चालत होती, आणि मी स्वतः बसनं जाऊन यायचे तरी मला त्यातलं निम्मंही दिसलेलं नसायचं.

असे नऊ-दहा रविवार गेले असतील. माघातल्या एका रविवारी मी फाट्यावर उतरले, तर हॉटेलवाल्याकडं निरोपच नव्हता. ठरलेल्या रानात गेले, तिथं शेतकऱ्यानं पाणी सोडलेलं. मेंढरं चार दिवसांपूर्वीच उठली होती. कुठं गेली ते कुणाला माहीत नव्हतं. एकजण पश्चिमेकडं बोट दाखवायचा, दुसरा उलट दिशेला. मी दोन गावं पायी फिरले. उन्हानं डोकं भणभणत होतं, घरी तपासायचे पेपर पडलेले. बापाचा मला एवढा राग आला की सांगता सोय नाही. एक निरोप ठेवता येत नाही या माणसाला! शेवटची सोयीची बस धरून मी रिकामी कॅसेट घेऊन परत निघाले. रागाच्या खाली भीतीही होती. बाप निरोप कधी चुकवत नसे.

घरात पाय ठेवला तर माय खाटेवर उशी मागं घेऊन तयार बसलेली. केस विंचरलेले. कॅसेटच्या दिवशी ती केस विंचरायची. तिला काय सांगावं मला सुचेना. सापडले नाहीत म्हटलं असतं तर ती आठवडाभर झुरली असती. मला एकदम ती कार्तिकातली न लावलेली बाजू आठवली. मी आत गेले, डब्यातून ती कॅसेट काढली आणि आणून लावली. सगळी जनावरं सारखीच ओरडतात, कुणाला काय कळणार, असं मला वाटलं. हे मला वाटलं! नऊ रविवार तिचं ऐकून झाल्यावर!

कोकरांचा कल्लोळ सुरू झाला. माय थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं, रमली. बाजू संपली. भाकरी वाढून आणली तर ताट हातानं बाजूला सारलं.

"कवा झालं?" तिनं विचारलं.

"काय कवा झालं?"

"मला सांग. मी रडनार नाय."

मला काही कळेना. तेव्हा तिनंच सांगितलं, एकेक शब्द मोजून. "ही कोकरं पंधरा दिसांची हायत. आपली कोकरं आता पाला खायला लागली असतील, त्येंचा आवाज फुटला असंल. ही टेप कार्तिकातली हाय. तू मला जुनी टेप ऐकवतीस, मंजी नवी नाय. नवी का नाय?"

मी सगळं खरं सांगितलं. पाणी सोडलेलं रान, हॉटेलवाला, दोन गावं. शपथ घेतली. तिच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. मग म्हणाली, "मीबी आसंच सांगत होते."

आमच्यात आजारी माणसाला घरातलं मरण सांगत नाहीत. माझे आजोबा वाटेवर असताना गेले, तिकडंच त्यांची माती झाली, आणि आजी इकडं गावात तापानं पडलेली. तिच्या सेवेला माय मधेच वाटेवरून परत आली होती, म्हणून तिला सांगायचं काम मायकडं आलं. ती महिनाभर रोज सांगत होती, बाजाराला गेलेत, उद्या येतील, त्यांनी तुमच्यासाठी घोंगडी विणायला टाकलीय. आजीनं विश्वास ठेवला होता की नाही, हे मायला कधीच कळलं नाही. आता तिला वाटत होतं, तिची पाळी आलीय. मी जितकं जीव तोडून सांगावं, तितकं तिला ते आपलंच बोलणं वाटायचं.

त्या दिवसापासून तिनं अन्न टाकलं. रडणं नाही, ओरडणं नाही. चहा घ्यायची, तोही माझ्या समाधानासाठी. तिसऱ्या दिवशी तिचा हात हातात घेतला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी शाळेत रजा टाकली. तिच्याजवळ बसून मी माझ्या अकलेला शिव्या घालत होते, आणि मनात बापाला हाका मारत होते. कारण तो खरंच धड आहे की नाही, हे मला तरी कुठं माहीत होतं?

शोध लागला तो वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये. त्या बसमध्ये निदान पन्नास गावांची माणसं असतात, सकाळी शेतावर आणि मग कारखान्यात. आमचे हे एरवी बसमध्ये बसले की घोरतात. त्या तीन दिवसांत त्यांनी पुढच्या सीटपासून मागच्यापर्यंत एकेकाला गाठून विचारलं, तुमच्या शिवारात मेंढरं बसलीत का? तिसऱ्या दिवशी पहिल्या पाळीहून येताना एकजण म्हणाला, "आमच्याच रानात हायत की. लाल फेट्याचं म्हातारं. एकलंच हाय बिचारं." ह्यांनी घरात येऊन डबासुद्धा खाली ठेवला नाही. शेजारणीला मायजवळ बसवलं आणि आम्ही दोघं टेप घेऊन स्कूटरवर निघालो.

बाप बांधावर उभा होता. धडधाकट. मला इतकं बरं वाटलं की मी आधी त्याला खूप बोलून घेतलं. चुलतभाऊ पोरगी बघायला गावाकडं गेला होता, तो परवा येणार होता. दीडशे मेंढरं आणि बाप एकटा. निरोप सांगायला फाट्यापर्यंत जायची सोय नव्हती. मी त्याला मायचं सांगितलं. आधी तो हसला. "मला मारून टाकलं व्हय तिनं?" मग विचारलं, "किती दिस झाले जेवली नाय?" मी तीन म्हटल्यावर तो खालीच बसला.

"मामा, तुम्ही स्कूटरवर बसा. मी थांबतो इथं," आमचे हे म्हणाले. बापानं त्यांच्या बुटांकडं पाहिलं, मग मेंढरांकडं पाहिलं. "जावईबापू, तुमच्या हाकेला एक कोकरू यायचं नाय. लांडगा हाय ह्या रानात. पुतण्या आला की परवा मी येतो. पन परवापतुर तिनं कसं काढायचं?"

मग आम्ही तिघं बांधावर बसून विचार करायला लागलो. मी म्हटलं, बोला टेपमध्ये. बाप म्हणाला, "बोललेलं तर तिच्याकडं हायेच. ती म्हनंल, हेबी जुनंच." आमच्या ह्यांनी सुचवलं की आजच्या पेपरातली बातमी वाचून भरू. "आन त्यो पेपर खरा हे तिला कोन सांगनार?" बापानं विचारलं. कोकरांचा आवाज भरावा, तर ती म्हणेल, मेंढरं आहेत, पण त्यांच्यामागचा माणूस कुठंय? एकदा खोटं ऐकवलेल्या टेपवर तिनं विश्वास ठेवावा तरी कसा? चूक माझी होती आणि ती निस्तरायला बापाला बसावं लागलं होतं.

बराच वेळ तो काडीनं माती उकरत राहिला. मग उठला, माझ्याकडून टेप घेतला आणि एकटाच चालत मेंढरांच्या मधोमध गेला. आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. लांबून एवढंच दिसलं, की त्यानं टेप तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. परत आला तेव्हा माझ्याकडं न बघता टेप दिला. कान लालबुंद झाले होते.

"काय बोललात?"

"तिलाच ऐकव. वाटंत लावू नको."

मी वाटेत लावला नाही. घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. माय भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हटलं, माय, बाबा भेटले. तिनं ऐकल्यासारखं केलं नाही. मी टेप तिच्या उशाशी ठेवला, बटण दाबलं आणि स्वतःही पहिल्यांदाच ऐकायला बसले. आधी नुसती मेंढरांची पावलं. मग कुणीतरी घसा खाकरला. आणि मग माझ्या बापानं माझ्या मायला नावानं हाक मारली.

आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. "अगं", "ऐकलं का", फार तर "पोरीचे माय". मायचं नाव रेशनकार्डावर होतं, दवाखान्याच्या कागदावर होतं, नर्सच्या तोंडी होतं. बापाच्या तोंडून ते मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तिनंही नाही. पस्तीस वर्षांत जे कधी निघालंच नाही, ते जुनं असणार कुठून? त्यानं एकदा हाक मारली आणि थांबला. पुन्हा मारली, जरा हळू. मग म्हणाला, "जेवून घे." त्यानंतर कॅसेट नुसती फिरत राहिली.

मायनं आधी पदर डोक्यावर ओढून घेतला, पडल्या पडल्याच, जसा तो खोलीत आल्यावर ओढायची तसा. मग हळूहळू या कुशीवर वळली. डोळे भरलेले होते आणि ती चिडलेली होती.

"पुसून टाक त्ये," ती म्हणाली. "कुनी ऐकलं तर काय म्हनंल. म्हातारं झालं तरी लाज नाय."

मी टेप घ्यायला हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

"माय, पुसायचं तर दे ना इकडं."

"मंग पुस," ती म्हणाली, आणि टेप काही सोडेना. "आधी भाकर आन."